‘काकू, या पोरी गोल गोल का फिरून राहिल्या?’ : महिला व्हॉलीबॉलच्या जागतिक स्पर्धा नागपुरात बसून कशा पाहाव्या

७ सप्टेंबर २०२५, रविवार. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, सगळ्यांचे घसे ढोल-ताशात बसलेले. त्यात रात्री खग्रास चंद्रग्रहण. दुपारपासून वेध लागले म्हणून सासूबाईंनी गॅसला हात लावू दिला नव्हता. अशा उपाशी संध्याकाळी प्रतापनगरच्या आमच्या हॉलमध्ये कॉलनीतली सात-आठ पोरं जमली होती आणि टीव्हीवर बँकॉकहून महिलांच्या विश्वविजेतेपदाचा अंतिम सामना सुरू होता, इटली विरुद्ध तुर्किये. पाच मिनिटं झाली नसतील, तेवढ्यात शेजारच्या सहावीतल्या पोरानं विचारलं, "काकू, या पोरी गोल गोल का फिरून राहिल्या?"

प्रश्न अगदी बरोबर होता. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला व्हॉलीबॉल पहिल्यांदा असाच दिसतो. बॉल वर जातो, कोणीतरी धाडकन मारतं, शिट्टी वाजते, सगळ्याजणी एकमेकींना मिठ्या मारतात आणि जागा बदलतात. दोन सेट पाहून माणूस चॅनेल बदलतो. मी कॉलेजात असताना विद्यापीठाच्या स्पर्धांमध्ये चार वर्षं सेटर (मारणारीला बॉल उचलून देणारी) म्हणून खेळले. त्या बळावर सांगते, खेळ अवघड नाही, आपण फक्त चुकीच्या जागी बघत असतो. म्हणून जे पोरांना तोंडी सांगते, ते इथं क्रमानं लिहिते आहे.

पायरी १ : आधी स्पर्धा ओळखा

राष्ट्रीय संघांच्या मोठ्या स्पर्धा तीन. ऑलिंपिक चार वर्षांतून एकदा, तिथं फक्त बारा संघ. जागतिक अजिंक्यपद महिलांसाठी १९५२ मध्ये मॉस्कोला सुरू झालं. ते पूर्वी चार वर्षांनी व्हायचं, आता २०२५ पासून दर दोन वर्षांनी होतं आणि संघ ३२ असतात. पुढचं २०२७ मध्ये अमेरिका आणि कॅनडात आहे. तिसरी दरवर्षी होणारी व्हॉलीबॉल नेशन्स लीग. ती २०१८ मध्ये जुन्या वर्ल्ड ग्रां प्रीच्या जागी आली.

नवख्या माणसानं नेशन्स लीगपासूनच सुरुवात करावी. कारण सोपं आहे: सामने भरपूर. २०२५ पासून तिच्यात १८ संघ आहेत. प्रत्येक संघ तीन आठवड्यांत बारा सामने खेळतो, दर आठवड्याला वेगळ्या शहरात चार. शेवटी यजमान आणि वरचे सात असे आठ संघ बाद फेरीत जातात. म्हणजे एखादा संघ आवडला तर त्याची गाठ महिनाभर पडत राहते. जागतिक अजिंक्यपदात चार-चार संघांचे आठ गट असतात, गटातले दोनच पुढे जातात आणि मग हरला की घरी. तिथं ओळख होईपर्यंत संघ विमानात बसलेला असतो.

नेशन्स लीगमध्ये एक जीवघेणी गोष्टही आहे. तळाचा संघ पुढच्या वर्षी बाहेर. २०२५ मध्ये ही पाळी दक्षिण कोरियावर आली. ज्या संघानं २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये चौथा नंबर काढला, त्याची चार वर्षांत ही गत. त्यामुळे वरच्यांचे सामने बघताच, पण शेवटच्या आठवड्यात खालच्यांचेही बघा. तिथं हात जास्त थरथरतात.

पायरी २ : घड्याळ लावा, आणि तारीख पण

नेशन्स लीग साधारण उन्हाळ्याच्या शेवटी सुरू होते. म्हणजे नागपुरात नवतपा नुकता सरलेला असतो किंवा सरत असतो, कूलर रात्रंदिवस चालू, आणि तशीही झोप येत नसते. ही आपली जमेची बाजू.

हिशेब असा ठेवा. बँकॉक आपल्यापेक्षा दीड तास पुढं: तिथले रात्रीचे साडेसात म्हणजे आपले सहा. जपान साडेतीन तास पुढं, त्यामुळे तिथला संध्याकाळचा सामना आपल्याकडे भर दुपारी, चारच्या आसपास. इस्तंबूल अडीच तास मागं: तिथले सात म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ, सगळ्यात सोयीची वेळ. पोलंड, इटली, नेदरलँड्स उन्हाळ्यात साडेतीन तास मागं, म्हणजे तिथल्या आठच्या सामन्यासाठी आपल्याला साडेअकरापर्यंत जागावं लागतं.

खरी गडबड अमेरिकेकडच्या शहरांत होते. रिओ साडेआठ तास मागं, टेक्सास साडेदहा. रिओत रात्री आठला सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे साडेचारला, आणि तो दुसऱ्या तारखेला. मी एकदा वेळ बरोबर लावली आणि तारीख चुकले. पहाटे सव्वाचारला उठले, चहा केला, टीव्ही लावला, तर ब्राझीलचा सामना व्हायला अजून चोवीस तास होते. चहा तेवढा चांगला झाला होता. तेव्हापासून कॅलेंडरवर मी तिथली तारीख लिहितच नाही, थेट आपलीच लिहिते.

तीन सेटचा सामना दीड तासाच्या आत उरकतो, पाच सेटचा दोन तासांच्या वर जातो. पहाटे साडेचारचा सामना पाच सेट गेला तर संपेपर्यंत चौकात तर्री पोह्याची गाडी लागलेली असते. याहून चांगला योग कोणत्या खेळात जुळतो, मला माहीत नाही.

पायरी ३ : दिसेल कुठं

आंतरराष्ट्रीय महासंघाच्या व्हॉलीबॉल वर्ल्डचं व्हीबीटीव्ही नावाचं ॲप आहे, पैसे भरून घ्यायचं. टीव्हीवरचे हक्क वर्षागणिक बदलतात, म्हणून स्पर्धेच्या आठवडाभर आधी एकदा तपासून घ्या. खर्च करायची तयारी नसेल तर व्हॉलीबॉल वर्ल्डच्या यूट्यूब चॅनेलवर सामन्यांचे ठळक क्षण येतात. मात्र एक सांगते, फक्त ठळक क्षण बघून हा खेळ कळत नाही. त्यात नुसते स्मॅश असतात, आणि स्मॅश हा खेळाचा शेवट आहे. कादंबरीचं शेवटचं पान वाचल्यासारखं होतं ते.

पायरी ४ : सहा वाट्या घ्या

आता त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर. हे टीव्हीवर समजत नाही, ओट्यावर समजतं. त्या दिवशी वेधामुळे ओटा रिकामाच होता, मी पोरांना तिकडं नेलं.

एक लाटणं आडवं ठेवा. हे नेट. त्याच्या अलीकडे सहा वाट्या मांडा, तीन लाटण्याजवळ, तीन मागं. पाच स्टीलच्या घ्या आणि एक पितळेची. पितळेची वाटी म्हणजे सेटर. आपल्याकडच्या मैदानांवर जुने खेळाडू तिला लिफ्टर म्हणतात, दोन्ही एकच. सुरुवातीला ती मागच्या ओळीत उजव्या कोपऱ्यात ठेवा. या कोपऱ्याला एक नंबर म्हणतात आणि इथं जी असते ती सर्व्हिस करते. एकच्या पुढं, नेटजवळ उजवीकडं दोन, मग मधली तीन, डावीकडची चार. चारच्या मागं पाच आणि मागच्या ओळीत मध्ये सहा.

आता नियम. समोरच्यांची सर्व्हिस होती आणि पॉइंट आपण जिंकला, तर सर्व्हिस आपल्याकडे येते आणि सगळ्याजणी घड्याळाच्या काट्यासारख्या एक-एक घर सरकतात. दोन नंबरवाली एकवर येऊन सर्व्हिस करते, एकवाली सहावर जाते, असं. आपलीच सर्व्हिस असताना पॉइंट मिळाला तर कोणी हलत नाही, तीच पुन्हा सर्व्हिस करते. बस, एवढंच ते गोल गोल फिरणं.

पोरांनी वाट्या सहा वेळा फिरवल्या आणि पितळेची पुन्हा मूळ जागी आली. मग मी दुसरी गोष्ट दाखवली. पितळेच्या वाटीच्या बरोबर तिरप्या समोर जी वाटी आहे, तिच्यात चिमूटभर हळद टाकली. ही ऑपोझिट, संघातली सगळ्यात मोठी मारणारी. इटलीची पाओला एगोनू, तुर्कियेची मेलिसा वार्गास, सर्बियाची तियाना बोश्कोविच या सगळ्या या हळदीच्या वाटीतल्या. कितीही फिरवा, सेटर पुढं असेल तर हळद मागं, सेटर मागं गेली की हळद पुढं.

यावरून सामन्याचा अर्धा डाव उलगडतो. सेटर मागच्या ओळीत असताना पुढं मारणाऱ्या तिघी असतात. सेटर स्वतः पुढं आली की दोघीच उरतात, आणि हळदीची वाटी मागं. मागच्या ओळीतलीनं नेटपासून तीन मीटरच्या रेषेमागूनच उडी घ्यायची असते. खाली पडताना ती रेषेपुढं आली तरी चालतं. म्हणून एगोनू कधी कधी लांबून उडून मारताना दिसते ते शौक म्हणून नव्हे, त्या वेळी ती मागच्या घरात आहे म्हणून. काही प्रशिक्षक अशा नाजूक वेळी सेटर आणि ऑपोझिट दोघींनाही एकदम बदलतात, म्हणजे पुढं पुन्हा तिघी होतात. सेटमध्ये बदल सहाच मिळतात. नंतर मूळ दोघी परत आणायच्या तर चार तिथंच गेले. हा जुगार आहे, पण चालला तर सेट फिरतो.

एक शंका हमखास येते: "काकू, पण त्या तर फिरल्यावर त्या जागी उभ्याच नाहीत." बरोबर. सर्व्हिस घेणाऱ्या संघाला समोरचीनं बॉलला हात लावेपर्यंत आपापला क्रम पाळावा लागतो. हात लागला रे लागला की पळापळ. सेटर नेटकडे धावते, मारणाऱ्या आपापल्या आवडीच्या टोकाला जातात. ही पळापळ बघायला शिका, खूप मजा आहे तिच्यात.

पायरी ५ : बॉलकडे बघू नका, सेटरच्या पायांकडे बघा

बाकी सगळं विसरलात तरी ही पायरी विसरू नका.

बॉल नेटपार पाठवायला तीन स्पर्श मिळतात, ब्लॉकला (नेटवर हात उंचावून अडवताना) लागलेला धरत नाहीत. पहिला पास, दुसरा सेट (म्हणजे मारणारीसाठी बॉल उचलून देणं), तिसरा स्मॅश. आपले डोळे तिसऱ्यावर असतात, पण पॉइंटचं भविष्य पहिल्यातच ठरतं. पहिला पास नेटजवळ, थोडा उजवीकडे, सेटरच्या डोक्यावर अलगद आला तर तिला एखादं पाऊल टाकावं लागतं. मग तिच्यापुढं सगळे रस्ते उघडे: मधलीला झटपट देईल, डावीकडं लांब फेकेल, पाठीमागून ऑपोझिटला देईल. समोरच्या ब्लॉक करणाऱ्यांना शेवटपर्यंत कळत नाही कुठं उडायचं ते.

पण पास बिघडला आणि सेटरला चार-पाच पावलं पळावं लागलं, तर मधलीला देता येतच नाही. बॉल उंच, संथ, एका टोकाला जाणार हे पूर्ण मैदानाला दिसतं. तोवर तिकडं दोघी-तिघींचा ब्लॉक भिंतीसारखा उभा. म्हणून जोरकस सर्व्हिस फक्त एस (सर्व्हिसवरच थेट पॉइंट) काढायला मारत नाहीत. सेटरला पळवायला मारतात.

मी पोरांना एक खेळ लावून दिला. सर्व्हिस झाली की सेटरची पावलं मोजायची आणि बॉल कुठं जाणार ते आधी ओरडायचं. एक पाऊल म्हणजे "सांगता येत नाही", चार पावलं म्हणजे "टोकाला". तिसऱ्या सेटपर्यंत ती पोरं दहातले सात-आठ अंदाज बरोबर ओरडत होती. ज्याला गोल गोल फिरण्याची तक्रार होती, तोच सोफ्यावर उभा राहून सगळ्यात मोठ्यानं. सासूबाई आतून दोनदा ओरडल्या.

तो सामना २–२ झाला आणि पाचवा सेट इटलीनं १५–८ असा घेतला. इटलीचा तो सलग छत्तिसावा विजय. स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू ठरली अलेसिया ओरो, इटलीची सेटर. मारणाऱ्या एवढ्या नामी असताना बक्षीस पितळेच्या वाटीला गेलं, आणि मी त्या दिवशी थोडी जास्तच मिरवले.

पायरी ६ : वेगळ्या रंगाची जर्सी

प्रत्येक संघात एक मुलगी वेगळ्याच रंगाच्या जर्सीत दिसते. ती लिबेरो. हे पद १९९८ पासून आलं. तिचं काम बचाव: सर्व्हिस घ्यायची, स्मॅश उचलायचा. तिला सर्व्हिस करता येत नाही, ब्लॉक करता येत नाही, नेटपेक्षा उंचावरचा बॉल मारता येत नाही. ती मागच्या ओळीत कोणाच्याही जागी, बहुतेकदा उंच मधलीच्या जागी, आत-बाहेर करत राहते आणि हे त्या सहा बदलांत मोजत नाहीत. जर्सी वेगळी एवढ्यासाठीच, की पंचांना ती चटकन दिसावी.

उंची कमी असलेल्या आपल्याकडच्या मुलींना मी हटकून लिबेरो दाखवते. इटलीची मोनिका दे जेन्नारो १७४ सेंटिमीटरची. पॅरिस ऑलिंपिकच्या सुवर्णपदकानंतर वर्षभरानं तिनं विश्वविजेतेपदही जिंकलं, वय ३८. आणि त्या अंतिम सामन्यात समोरच्या, तुर्कियेच्या बाकावर प्रशिक्षक कोण होता? दानिएले सांतारेल्ली, तिचा नवरा. हे सांगितल्यावर आतापर्यंत टीव्हीकडे पाठ करून बसलेल्या सासूबाई वळल्या आणि म्हणाल्या, "घरी गेल्यावर जेवायला वाढेल का बाप्पा ती त्याला?" पुढचे दोन सेट त्यांनी पूर्ण बघितले.

पायरी ७ : आकडे

हे पटकन. सेट २५ चा, पाचवा १५ चा, आणि जिंकायला दोनचा फरक हवा. म्हणून २६–२४, ३१–२९ असेही सेट होतात. सर्व्हिस कोणाचीही असो, प्रत्येक रॅलीला पॉइंट. जुन्या लोकांना आठवत असेल, पूर्वी फक्त सर्व्हिस करणाऱ्यालाच पॉइंट मिळायचा. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ते गेलं. तुमचे काका अजून "सर्व्हिस चेंज, पॉइंट नाही" म्हणत असतील तर त्यांना प्रेमानं सांगा.

पाचव्या सेटमध्ये एक संघ आठवर पोचला की बाजू बदलतात. तक्त्यात ३–० किंवा ३–१ ला तीन गुण. ३–२ ला जिंकणाऱ्याला दोन, हरणाऱ्याला एक. पण नेशन्स लीगच्या तक्त्यात आधी विजयांची संख्या बघतात, गुण नंतर. हे लक्षात ठेवा, नाहीतर जास्त गुणवाला संघ खाली का, म्हणून डोकं खाजवत बसाल.

पायरी ८ : पंचांचे हात

आवाज बंद करून सामना बघायचा असेल (पहाटे साडेचारला बंदच ठेवावा लागतो), तर पंचांचे हात वाचता आले पाहिजेत. जमिनीकडे बोट दाखवलं की आत. दोन्ही हात वर, तळवे स्वतःकडे, म्हणजे बाहेर. एका हाताच्या बोटांवरून दुसरा तळवा घासला म्हणजे बॉल बाहेर गेला खरा, पण कोणाला तरी लागून. दोन बोटं म्हणजे डबल (एकीलाच बॉल लागोपाठ दोनदा लागला), चार म्हणजे चार स्पर्श.

डबलवरून आपल्या मैदानांवर भांडणं होतात तशी तिथं होत नाहीत. याचं एक कारण नियमातच आहे. पहिल्या पासला एकाच हालचालीत बॉल दोन्ही हातांना एकामागून एक लागला तरी फाउल नाही. आमच्या कॉलनीत यावर दर हिवाळ्यात एक तरी मॅच अर्धवट सुटते.

वाद झालाच तर चॅलेंज. प्रशिक्षक मागणी करतो आणि पडद्यावर बॉल रेषेला लागला का, बोटाला घासला का, हे मोठं करून दाखवतात. मागणी बरोबर निघाली तर हक्क शाबूत राहतो, चुकीची निघाली तर एक कमी. सेटमध्ये दोनदा चुकला की संपलं. पडद्यावर बोटाचं टोक किंचित हललेलं दिसतं, स्टेडियममध्ये एकदम आवाज होतो. ते क्षण चुकवू नका.

पायरी ९ : एक संघ धरा

सगळे संघ बघायला गेलात तर एकही लक्षात राहणार नाही. एक धरा.

जिंकणारा हवा तर इटली. २०२२, २०२४ आणि २०२५ ची नेशन्स लीग, पॅरिस २०२४ चं ऑलिंपिक, २०२५ चं विश्वविजेतेपद. पण सतत जिंकणाऱ्याला पाठिंबा देण्यात काय मौज, असं माझं मत. तुर्कियेच्या संघाला त्यांच्याकडे ‘नेटच्या सुलताना’ म्हणतात; २०२३ मध्ये त्यांनी नेशन्स लीग आणि युरोपचं अजिंक्यपद दोन्ही नेलं. ब्राझीलचे प्रशिक्षक जोझे रोबेर्तो गिमारायेस यांनी १९९२ ला पुरुषांना, २००८ आणि २०१२ ला महिलांना ऑलिंपिक सुवर्ण मिळवून दिलं आणि अजूनही मैदानाच्या कडेला उभे आहेत. २०२५ ला मात्र ब्राझीलच्या पदरी नेशन्स लीगचं रौप्य आणि विश्वस्पर्धेचं कांस्य.

मी स्वतः जपानची. उंचीनं कमी, पण बॉल जमिनीला लागू देत नाहीत. एकेक रॅली इतकी लांबते की श्वास रोखून धरावा लागतो. हे आजचं नाही. १९६४ मध्ये टोकियोला व्हॉलीबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आला तेव्हा जपानच्या मुलींनी सोव्हिएत संघाला हरवून सुवर्ण घेतलं. त्यातल्या बहुतेकजणी एका कापड गिरणीत कामाला होत्या. बॉल उचलून गोलांटी घेत लगेच पायावर उभं राहायची त्यांची पद्धत जगानं नंतर उचलली. एम्प्रेस मिलच्या गावातल्या माणसाला गिरणी कामगार मुलींचं ऑलिंपिक सुवर्ण वेगळं सांगायला नको.

थायलंडही पाहा. पुढच्या फळीत फार उंच कोणी नाही, तरी २००९, २०१३ आणि २०२३ ला आशियाचं अजिंक्यपद त्यांचं.

आपला भारतीय महिला संघ या मोठ्या स्पर्धांत अजून नाही. तो दक्षिण आणि मध्य आशियातल्या स्पर्धांत दिसतो. २०१९ च्या काठमांडूतल्या दक्षिण आशियाई स्पर्धेत त्यांनी नेपाळला त्यांच्याच प्रेक्षकांपुढं ३–२ हरवून सुवर्ण आणलं. नेपाळचा राष्ट्रीय खेळ व्हॉलीबॉल आहे, हे लक्षात घेतलं म्हणजे त्या पाच सेटचं वजन कळतं.

पायरी १० : घराबाहेर पडा

टीव्ही उंची खातो. पडद्यावर नेट खुजं वाटतं. घरातल्या दाराच्या चौकटीखाली उभे राहा. आपल्याकडे दार बहुतेक सात फुटांचं, म्हणजे २१३ सेंटिमीटर. महिलांचं नेट २२४ चं, म्हणजे चौकटीच्या वर आणखी चार बोटांहून जास्त. त्याच्याही वर हात, कोपरासकट, जायला हवा आणि तिथून २६० ते २८० ग्रॅमचा बॉल खाली हाणायचा. हे एकदा चौकटीला हात लावून बघितलं की टीव्हीवरचा प्रत्येक स्मॅश वेगळा दिसतो.

मग प्रत्यक्ष सामना बघा. मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात किंवा जानेवारीतल्या खासदार क्रीडा महोत्सवात मुलींचे सामने लागले की जा. बाजूला बसू नका, सर्व्हिस करणारीच्या मागं, टोकाला बसा. बाजूनं फक्त बॉलचं इकडून तिकडं जाणं दिसतं. टोकावरून सेटर, ब्लॉक आणि मोकळी जागा तिन्ही एका ओळीत दिसतात. आणि विदर्भातल्या शाळकरी मुलींच्या सामन्यात सेटरची पावलं टीव्हीपेक्षा जास्त मोजता येतात, कारण पास जास्त बिघडतात.

थंडीत कॉलनीच्या मैदानावर स्वतःच नेट बांधायचं मनात आलं, तर उंची मधोमध मोजा. दोन्ही कडेच्या रेषांवर ती सारखी हवी आणि मधल्यापेक्षा दोन सेंटिमीटरपर्यंतच जास्त चालते. आमच्याकडे गेल्या डिसेंबरात एका बाजूचा खांब कडुलिंबाचं झाड होतं आणि दुसऱ्या बाजूचा एका स्कूटरला बांधलेला बांबू. मधोमध २२४ बरोबर भरले. सहावीतला तो पोरगा पहिल्याच दिवशी म्हणाला, "काकू, मी पितळेची वाटी," आणि जाऊन दोन नंबरच्या घरात उभा राहिला.